पालिकेच्या गाड्यांचं डिझेल कोण घेतं, कुठून घेतं आणि कुठल्या भावाने?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

गेल्या मंगळवारी एलबीएस रोडवरच्या पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला थांबले होते. शेजारच्या मशीनवर कचऱ्याचा कॉम्पॅक्टर लागला होता. बघायच्या आधी वासानेच कळलं. ड्रायव्हरने खिशातून एटीएमसारखं कार्ड काढलं, पंपावरच्या पोराने ते छोट्या मशीनला लावलं, ड्रायव्हरने मोबाईलवर आलेला आकडा वाचून दाखवला आणि टाकीत १२० लिटर डिझेल गेलं. रोख नाही, सही नाही, वही नाही. पावती आली ती ड्रायव्हरने चार घड्या घालून टोपीत खोचली.

मी भावाचा बोर्ड बघितला. आमच्या घरच्या गाडीला जो भाव पडतो तोच! आमच्या सासूबाई वर्षाचे गहू मे महिन्यात एकदम घेतात, कारण पोतं घेतलं की किलोमागे चार रुपये सुटतात. मग जिला रोज हजारो लिटर लागतं ती महापालिका माझ्यासारखी किरकोळ भावाने, पंपावर रांग लावून का घेते? ह्याची निविदा निघत नाही का? आणि त्या टोपीतल्या पावतीवर जे १२० लिटर लिहिलंय ते खरंच त्या गाडीने जाळलं, हे तपासतं कोण?

आमच्या गल्लीची एएलएम आहे, म्हणजे रहिवाशांची समिती, तिथे विचारलं तर सगळे म्हणाले, "जाऊ दे ना, आपल्याला काय करायचंय." मला करायचंय. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा असं मनात आहे, पण नेमकं विचारायचं काय तेच कळत नाही. कुणी ह्या खात्यात काम केलंय का?

जुना_भांडारपाल

ताई, सासूबाईंचा हिशेब बरोबर आहे, पण डिझेल म्हणजे गहू नव्हे.

मी मुंबई परिसरातल्या एका महापालिकेच्या गॅरेजात ३२ वर्षं काढली. कुठल्या ते सांगत नाही, पेन्शन चालू आहे. हुद्दा भांडार लिपिकाचा, पण गॅरेजात सगळे मला 'डिपवाले' म्हणत. रोज पहाटे साडेपाचला जमिनीखालच्या टाकीत पट्टी सोडून डिझेल मोजायचं काम माझ्याकडे होतं. त्या मोजणीला डिप म्हणतात.

आधी तुमच्या कॉम्पॅक्टरबद्दल. तो पालिकेचा होता की कंत्राटदाराचा? दारावर काय रंगवलंय ते बघा. आमच्याकडे भाड्याच्या गाडीवर 'महापालिकेच्या सेवेत' असं लिहिलेलं असे. 'सेवेत' दिसलं की गाडी परक्याची. मुंबईत कचऱ्याच्या कामात अशा गाड्या पुष्कळ आहेत. त्या गाडीचं डिझेल पालिका लिटरने घेतच नाही. ते पाळीच्या किंवा फेरीच्या दरात मुरलेलं असतं, आणि त्याचा भाव ठरतो निविदेतल्या भाववाढीच्या कलमात. निविदेच्या दिवशी डिझेल अमुक रुपये होतं, ते वर गेलं तर दराचा अमुक टक्के हिस्सा त्या प्रमाणात वाढेल, असं ते कलम. सगळी मेख त्या 'अमुक टक्के'मध्ये असते. डिझेल महागलं की कंत्राटदाराचं पत्र आठवड्यात येतं. उतरलं की पत्र पाठवायचं काम आपलं, आणि ते पत्र कुणाच्या टेबलावर अडतं हे मी ३२ वर्षांत शोधू शकलो नाही.

आता पालिकेच्या स्वतःच्या गाड्या. त्यांना डिझेल मिळायच्या वाटा दोन. एक, तुम्ही पाहिली ती कार्डाची. तिन्ही सरकारी तेल कंपन्यांची अशी कार्डं आहेत: इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस. कार्ड गाडीच्या नंबराला बांधलेलं असतं, दिवसाची मर्यादा घालता येते, आणि कुठे, किती वाजता, किती लिटर घेतलं ते ऑफिसात बसून दिसतं. म्हणजे वही आहे ताई, फक्त ड्रायव्हरच्या हातात नाही.

दुसरी वाट जुनी, कन्झ्युमर पंपाची. जागा तुमची, जमिनीत टाकी, वर मशीन, आणि तेल कंपनीचा टँकर थेट गॅरेजात. डिझेलला २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, तेही एकेक भांडं १,००० लिटरच्या आतलं असेल तर. त्यापुढे गेलात की पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमची सुरक्षा बघणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्राच्या खात्याचा परवाना घ्यायचा. आमची टाकी २० हजार लिटरची. टँकर बहुतेक १२ हजारांचा येई, माहुलच्या तेल आगारातून निघाला की तासा-दीड तासात दारात.

एकेकाळी घाऊक घेणं पंपापेक्षा महाग नव्हतं. ते गणित फिरलं जानेवारी २०१३ मध्ये. केंद्राने ठरवलं की पंपावरच्या डिझेलवर सवलत चालू राहील, पण एसटी, रेल्वे, महापालिका असे थेट घेणारे बाजारभाव भरतील. एका रात्रीत लिटरमागे १० रुपयांच्या आसपास फरक पडला. घाऊक गिऱ्हाईक महागात आणि किरकोळ स्वस्तात, असा उलटा बाजार मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. राज्याराज्यांतल्या एसटीच्या बस बाहेरच्या पंपांवर रांगा लावू लागल्या. आमच्याही गाड्या गेल्या. टाकी भरलेली होती तेवढी संपवली आणि मशीनवर ताडपत्री टाकली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सगळ्यांसाठी मोकळा झाला तेव्हा ती निघाली.

मी २०१६ ला सुटलो, पण सवय सुटत नाही, भाव रोज बघतो. मार्च २०२२ मध्ये पुन्हा तेच. युक्रेनच्या युद्धाने कच्चं तेल भडकलं, पंपावरचे भाव नोव्हेंबरपासून गोठवलेले, घाऊक भाव मात्र जगाबरोबर चढलेला. २० मार्चच्या सुमाराला मुंबईत घाऊक डिझेल १२२ रुपये ५ पैसे आणि पंपावर ९४ रुपये १४ पैसे. मी एका कागदाच्या कोपऱ्यावर गुणाकार केला: १२ हजार लिटरच्या एका टँकरमागे ३ लाख ३४ हजार ९२० रुपये जास्त. कोण भरणार?

निविदेचं विचारलंत. कागदोपत्री देकार मागवता येतात, पण देणारे मुख्यतः हेच तिघे आणि मूळ भाव जवळजवळ सारखाच. घासाघीस होते ती सवलतीची. त्यातही ज्याचं माप मोठं त्याचं ऐकतात. एसटीला रोज १० लाख लिटरच्या वर डिझेल लागतं. २०२५ मध्ये त्यांनी लिटरला ३० पैसे जादा सूट मिळवली. ३० पैसे ऐकायला भिकेसारखे वाटतात, पण दिवसाला ३ लाख होतात. दोन-तीनशे गाड्यांच्या गॅरेजाने तेवढा आवाज केला तर कंपनीचा माणूस चहा पाजून परत पाठवतो.

म्हणून सांगतो, भावात तुमचे-आमचे हात फारसे पोचत नाहीत. माझी सगळी नोकरी मापात गेली. टँकर आला की आधी सील बघायचं, नंबर चलनाशी जुळवायचा. टँकर दहा मिनिटं उभा ठेवायचा, आतलं तेल शांत होऊ द्यायचं. मग प्रत्येक कप्प्यात पट्टी. मग अर्धा लिटरच्या काचेच्या बरणीत नमुना घ्यायचा, त्यात घनता बघायची काचेची नळी सोडायची आणि तापमापक. समजा ३२ अंशाला घनता ८१८.६ (घनमीटरला किलो) दिसली, तक्त्यात बघून १५ अंशावर आणलं की ८३० होतं. चलनावर ८३० आहे? ठीक. ३ पर्यंत इकडे-तिकडे चालतं. एकदा एका टँकरला ८ चा फरक आला. डिझेलपेक्षा हलकं काहीतरी त्यात होतं, आणि काय असावं हे त्या काळी रॉकेलच्या दुकानाबाहेर रांग लावलेल्या कुणालाही सांगता आलं असतं. मी चलनावर सही केली नाही. साहेब वरून ओरडत होते, "अहो गाड्या उभ्या आहेत!" टँकर परत गेला. गाड्या चार तास उभ्या राहिल्या, आणि माझी बदली दीड महिन्यात झाली. वर्षाने परत आलो म्हणा, कारण डिप घ्यायला दुसरं कुणी पहाटे साडेपाचला यायला तयार नव्हतं.

उष्णतेचंही सांगतो, हे कुणी लक्षात घेत नाही. डिझेल एक अंश थंड झालं की १२ हजार लिटरमध्ये साधारण १० लिटर आकसतं. मे महिन्यात दुपारी दोनला तापलेला टँकर उतरवला आणि टाकीत ते चार अंश उतरलं, की ४० लिटर हवेत गेले. चोरी नाही, गळती नाही. पण साठा नोंदवहीत तूट दिसते आणि लेखापरीक्षक तुमच्या तोंडाकडे बघतो.

आणि टाकी आडवी झोपलेली असते, पिंपासारखी. तळाशी पट्टीवरच्या एका सेंटिमीटरला थोडंसंच तेल, मध्यावर त्याच एका सेंटिमीटरला १०० लिटरच्या वर. त्यामुळे टाकी अर्धी असताना पट्टी तिरकी गेली की हिशेब गेला. ज्याला घोळ घालायचाय तो अर्ध्या टाकीचीच वाट बघतो.

हात दुखले. बाकीचं कुणी विचारलं तर लिहीन.

स्टेअरिंगवरून

डिपवाले काका, बरणी बरोबर आहे, पण तुमच्या ऑफिसवाल्यांचा सगळा संशय शेवटी ड्रायव्हरवर. मी ११ वर्षं कॉम्पॅक्टर चालवतोय, कंत्राटी.

गाडीचं ॲव्हरेज काढतात किलोमीटरवर. आमची गाडी किलोमीटर जाळत नाही, तास जाळते. एका सोसायटीच्या गेटवर २० मिनिटं उभा, इंजिन चालू, पीटीओ लावलेला. म्हणजे इंजिनाच्या जोरावर मागचा हायड्रॉलिक दाब चालतो आणि कचरा आत दाबला जातो. अशा ३० गेटांवर थांबायचं. मीटर पुढे सरकला किती? ९ किलोमीटर. मग कांजूरमार्गच्या कचराभूमीवर रांग, आतला चिखलाचा चढ पहिल्या गिअरमध्ये. पावसाळ्यात ओला कचरा, गाडी दीडपट जड. त्या दिवशी लिटरला दोन किलोमीटर पडलं तर मी डिझेल विकलं?

मागे एका साहेबांनी चाचणी घेतली. टाकी काठोकाठ भरली, रविवारी सकाळी रिकामी गाडी हायवेवर पळवली, परत काठोकाठ भरली. आलं साडेचार. तोच आकडा कागदावर. खाली जे पडेल ते पगारातून कापायचं म्हणाले. युनियनने गाडी भरून, सोमवारी, आमच्या बीटवर परत चाचणी घ्यायला लावली. दोन पॉइंट सात.

आणि नवीन बीएस-सहा गाड्यांना डिझेलसोबत डेफ पण लागतं, युरियाचं पाणी, निळ्या झाकणाच्या टाकीत. १०० लिटर डिझेलला चार-पाच लिटर जातं. संपलं की गाडी जोर सोडते. ते कार्डावर मिळत नव्हतं, स्टोअरमधून मागणीपत्र करून घ्यायचं. सहा दिवस मागणीपत्र फिरत होतं, गाडी उभी. डिझेल फुल्ल!

जुना_भांडारपाल

अगदी बरोबर बोललात. कबूल करतो, पहिली १५ वर्षं मीही किलोमीटरच बघत होतो. आमच्याकडे एक म्हातारे मेकॅनिक होते, ते म्हणाले, "भाऊ, कॉम्पॅक्टरला तासाचा मीटर लावा, मग बोला." लावला १९९९ मध्ये, चार गाड्यांना. चारही गाड्यांचे ड्रायव्हर, ज्यांच्यावर शेरे होते, ते सुटले. आणि शेरे नसलेली एक जीप अडकली, कारण तिचा किलोमीटरचा मीटर सहा महिने बंद होता.

घोळ करणाऱ्यांचा लाडका शब्द हाच, 'मीटर बंद'. लॉगबुकात शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले की अंतर अंदाजाने धरायचं. गॅरेज ते कचराभूमी २२ किलोमीटर, दिवसाला तीन फेऱ्या, झालं. वजनकाट्याच्या पावत्या मात्र दोनच. ह्या दोन कागदांची गाठ कुणी घालत नाही, कारण लॉगबुक परिवहनाकडे आणि काट्याच्या पावत्या घनकचऱ्याकडे. मी एका दिवाळीच्या सुटीत तीन महिन्यांच्या पावत्या घरी आणून बायकोला वाचायला लावल्या आणि मी लॉगबुकात खुणा केल्या. ती आजही म्हणते, दुसऱ्यांच्या बायकांना फराळाला नेतात.

तुमच्या डेफचं माझ्या काळात नव्हतं. पण मागणीपत्र सहा दिवस फिरतं, ते मात्र माझ्या काळापासूनच.

पंपवाला_धाकटा

वडिलांचा पंप, मी २०११ पासून बसतो. पलीकडच्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे एका सरकारी खात्याच्या गाड्या यायच्या. कार्ड नव्हतं तेव्हा, चिठ्ठी. गाडी नंबर, लिटर, शिक्का, सही. महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि बिल घेऊन जायचं. बिल मंजूर व्हायला तीन महिने. आता गणित बघा. डिझेल ९० रुपये धरा, ९० दिवस उधार, बँकेचं व्याज १२ टक्के. लिटरमागे व्याजच २ रुपये ६६ पैसे. आमचं कमिशन तेव्हा लिटरमागे दोन-अडीच रुपये. म्हणजे सरकारी गाडीत डिझेल टाकायचे पैसे आम्हीच देतोय! वडील म्हणायचे, मान आहे. मी म्हटलं, मानाचा ओव्हरड्राफ्ट आहे. २०१८ मध्ये बंद केलं.

त्यामुळे ज्या पंपांनी उधारी चालू ठेवली ते कुठून भरून काढत असतील, ह्याचा विचार तुम्हीच करा. चिठ्ठीवर ६० लिटर, टाकीत ५०, बाकी १० चे पैसे अर्धे-अर्धे, ही गोष्ट सगळ्या पंपांवर ऐकायला मिळते. कार्डाने हे बरंच कमी झालं, कारण कार्डात पैसे आधी भरावे लागतात किंवा उधारी कंपनी सांभाळते. पंपवाल्याचं डोकं शांत.

ताईंना एक सांगतो. नोझल खरं माप देतंय का, हे बघायला प्रत्येक पंपावर पाच लिटरचं सील केलेलं माप असतं. कोणीही मागू शकतं, अगदी स्कूटरवाली बाई सुद्धा. पाच लिटरला २५ मिली इकडे-तिकडे चालतं. त्याच्या बाहेर गेलं तर वैधमापनवाल्यांना कळवा.

आणि काका, ताडपत्री टाकलेल्या टाक्यांना नावं ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी हिट अँड रनच्या कायद्यावरून गाड्या उभ्या केल्या, आठवतं? २ तारखेला दुपारपासून आमच्याकडे रस्त्याच्या वळणापर्यंत रांग. रात्री साडेआठला टाकी कोरडी. रांगेत एक रुग्णवाहिका होती. पोरांनी पाइपातलं उरलेलं काढून तिला सात लिटर दिलं. त्या दिवशी ज्यांच्या आवारात स्वतःचा पंप होता ते राजे होते.

बेस्टचा_बिल्ला

आमची बेस्ट १९४७ पासून पालिकेचीच, म्हणून दोन ओळी. (सांगताना दहा होतील.)

सीएनजी बस आमच्याकडे १९९७ पासून. डेपोच्या आवारातच महानगर गॅसचं मशीन. डिझेलच्या काळात डेपोत पहाटे जो वास असायचा तो गेला, आणि त्याच्याबरोबर डिप, बरणी, पाणी ओळखायची पेस्ट, पिंपं सगळंच गेलं. गॅस किलोत मोजतात, २०० बारचा दाब, नळी लावून कुणी घरी नेऊ शकत नाही. चोरी करायची तर बसच न्यावी लागेल. व्हॅटचंही बरं झालं, राज्याने सीएनजीवरचा कर १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून ३ वर आणला.

पण साठा ठेवता येत नाही. पाइपातून आलं तर आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला, म्हणजे जिथून गॅस शहरात शिरतो तिथे, येणारा गॅस कमी पडला तेव्हा शहरभर रिक्षांच्या रांगा तुम्ही बघितल्या असतील. डिझेल असतं तर टाकीत दोन दिवसांचं निघालं असतं.

१५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिझेलवाली डबल डेकर गेली, तेव्हा हार घालायला लोक आले होते. मी बोनेटजवळ उभा राहून वास घेतला. बायको म्हणाली, चला आता.

मुलुंडकरीण

बाप रे, मी एक प्रश्न टाकला आणि इथे अख्खं गॅरेज उघडलं. सगळ्यांचे आभार.

आज सकाळी मुद्दाम गेटवर थांबले. त्या गाडीच्या दारावर 'सेवेत' आहे! म्हणजे डिपवाले काकांचं खरं, ते डिझेल पालिकेने घेतलेलंच नाही. ड्रायव्हरला विचारलं, पीटीओ चालू असताना किती जळतं. तो आधी घाबरला, मग खाली उतरून त्याने मागची लिव्हरच दाखवली. आमच्या गेटवर १४ मिनिटं उभा होता. कारण? आमच्याच बिल्डिंगने ओला-सुका वेगळा केलेला नव्हता, तो खाली ओतून परत भरत होते.

काका, २००५ च्या पुरात तुमच्या त्या जमिनीखालच्या टाकीचं काय झालं? सहज विचारते. आमच्या तळमजल्याची टाकी त्या दिवशी गटाराने भरली होती. आणि अर्जात काय लिहू?

जुना_भांडारपाल

विचारलंत तर ऐका.

२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला. आमच्या गॅरेजात कमरेइतकं पाणी, टाकीचं झाकण त्याच्या खाली. मी रात्री घरी पोचूच शकलो नाही, टायरच्या माचावर झोपलो. २७ ला पाणी उतरल्यावर विजेरी घेऊन डिप घ्यायला गेलो. पट्टीच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावतात. रंगाने सोनेरी तपकिरी, पाणी लागलं की लाल. पट्टी वर काढली तर तळापासून साडेनऊ सेंटिमीटर लालभडक. डिझेल हलकं, ते वर तरंगतं, पाणी खाली. आणि मशीनला तेल ओढणाऱ्या पाइपाचं तोंड तळापासून १२ सेंटिमीटरवर. मध्ये अडीच सेंटिमीटर.

बाहेर गाड्या उभ्या. रस्त्यावर चिखल, मेलेली जनावरं, साहेब फोनवर. सगळे म्हणत होते, वरवरचं काढ, काही होत नाही. मी कुलूप लावलं आणि नोंदवहीत लिहिलं, 'पाणी आढळल्याने वितरण बंद, वेळ ६.१०.' वीज नव्हती, म्हणून हातपंपाने तळाचं काढलं, सव्वा पिंप पाणी निघालं. परत डिप, परत पेस्ट, शेवटी पट्टी कोरी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तोवर गाड्यांसाठी कायम अग्रिमातले, म्हणजे किरकोळ खर्चाला हाताशी ठेवलेले, पैसे घेऊन एक मुकादम चालू असलेला पंप शोधत हिंडला आणि रोखीने डिझेल आणत राहिला. त्याच्या पावत्या ओल्या, आकडे पसरलेले. दोन वर्षांनी आक्षेप आला: सदर खरेदी दरपत्रके न मागवता किरकोळीने का केली? मी उत्तराला २७ जुलैच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान जोडलं. आक्षेप वगळायला आणखी तीन वर्षं लागली.

आता अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हे लक्षात ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत पाठवतील. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'डिझेलवर किती खर्च झाला' असं विचारू नका, एक मोठा आकडा मिळेल आणि त्याचं काही करता येणार नाही. गाडी भाड्याची आहे, तेव्हा करारातलं भाववाढीचं कलम मागा, आणि गेल्या १२ महिन्यांत त्या कलमाखाली किती दिले व किती वसूल केले, त्या हिशेबाच्या तक्त्याची प्रत. 'वसूल केले' हे शब्द सोडू नका. पानाला २ रुपये पडतात.

दुसरा अर्ज, वेगळा, पालिकेच्या स्वतःच्या कुठल्याही एका गाडीसाठी: एका महिन्याचं लॉगबुक. आणि तिसरा, घनकचऱ्याकडे, त्याच गाडीच्या त्याच महिन्याच्या वजनकाट्याच्या पावत्या. तिन्ही एकाच दिवशी टाकू नका. लॉगबुक हातात येईपर्यंत पावत्यांचं नावही काढू नका.

मुलुंडकरीण

पहिला अर्ज आज टाकला. १३८ शब्द झाले, यजमानांनी मोजले. आवक शिक्का मारणाऱ्या बाईंनी वाचून विचारलं, "हे 'वसूल केले' कशाला लिहिलंय?" मी म्हटलं, एका ओळखीच्या काकांनी सांगितलंय. त्या हसल्या आणि शिक्का मारला. ३० दिवसांनी इथेच लिहीन.

आणि हो, बिल्डिंगमध्ये दोन डबे ठेवलेत. आज गाडी पाच मिनिटांत गेली.